कोल्हापुरात योगवर्ग किंवा पंचकर्म केंद्राची जाहिरात करताना: क्लिकचा खर्च कसा ओळखावा आणि आटोक्यात कसा ठेवावा

राजारामपुरीत योगवर्ग, ताराबाई पार्कात पंचकर्म केंद्र किंवा कळंब्याच्या बाजूला नवी जिम सुरू करणारा माणूस फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात करायला बसला, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एका क्लिकला किती पैसे पडतात? या प्रश्नाला कुणी एकच ठाम आकडा सांगितला, तर त्यावर विसंबू नये. क्लिकचा भाव फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीने पाटीवर लिहून ठेवलेला नसतो. तो जाहिरातीगणिक आणि आठवड्यागणिक बदलतो, आणि बऱ्याच अंशी आपल्याच निर्णयांतून तयार होतो. हे निर्णय कोणते, ते कोणत्या क्रमाने घ्यावेत आणि खर्चाचा तक्ता समोर आल्यावर त्यातला कोणता आकडा पाहावा, हे पुढे सांगितले आहे. ज्यांनी आजवर एकही जाहिरात चालवलेली नाही, त्यांना समोर ठेवून हे लिहिले आहे.

भाव कसा ठरतो

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर जाहिरात दाखवण्याची प्रत्येक संधी लिलावात जाते. शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्यात ज्याची बोली वरची त्याला माल मिळतो. इथला लिलाव मात्र नुसत्या बोलीवर सुटत नाही. मेटा तीन गोष्टी पाहते: जाहिरातदाराची बोली, समोरचा माणूस अपेक्षित कृती करण्याची शक्यता आणि जाहिरातीचा दर्जा. बोली आणि शक्यता यांचा गुणाकार करून त्यात दर्जाचे मूल्य मिळवले जाते, आणि ज्याची बेरीज सर्वांत जास्त त्याची जाहिरात दिसते. त्यामुळे कमी बजेटचा योगवर्ग मोठ्या जिमच्या जाहिरातीवर मात करू शकतो, मात्र त्याची जाहिरात पाहणाऱ्याला खरोखर उपयोगाची वाटली पाहिजे.

दुसरी गोष्ट नवख्यांच्या सहसा लक्षात येत नाही. बहुतेक वेळा मेटा पैसे क्लिकचे घेत नाही, जाहिरात दाखवण्याचे घेते. हजार वेळा दाखवण्याचा जो खर्च येतो त्याला सीपीएम म्हणतात. पाहणाऱ्यांपैकी शेकडा किती जणांनी क्लिक केले, तो सीटीआर. आणि एकूण खर्चाला क्लिकच्या संख्येने भागले की मिळतो तो सीपीसी, म्हणजे प्रति क्लिक खर्च. हिशेबापुरते समजा, हजार वेळा दाखवायला १०० रुपये लागतात. तीन हजार रुपयांत जाहिरात ३०,००० वेळा दिसेल. शंभरातल्या एकाने क्लिक केले तर ३०० क्लिक मिळतील आणि एक क्लिक १० रुपयांना पडेल. जाहिरात सुधारून शंभरातले दोघे क्लिक करू लागले, तर तोच क्लिक ५ रुपयांवर येईल. याउलट दिवाळीच्या तोंडावर मोठमोठे विक्रेते लिलावात उतरले आणि हजार वेळा दाखवण्याचा खर्च दुप्पट झाला, तर जाहिरात तितकीच चांगली असूनही क्लिक पुन्हा १० रुपयांवर जाईल. (हे आकडे केवळ गणितासाठी घेतले आहेत, बाजारभाव म्हणून ते कुणाला सांगू नयेत.) क्लिक महाग झाला की या दोन बाजूंपैकी कोणती हलली हे आधी तपासावे, कारण सीपीएम वाढला असेल तर उपाय वेगळा आणि सीटीआर घसरला असेल तर वेगळा.

पहिली पायरी: एक प्रवेश किती रुपयांचा आहे ते कागदावर मांडा

मोबाइल हातात घेण्यापूर्वी वही घ्यावी. समजा, वर्गाचे शुल्क महिन्याला १,२०० रुपये आहे आणि आलेला माणूस सरासरी तीन महिने टिकतो. म्हणजे एका प्रवेशातून ३,६०० रुपये येतात. त्यातून जागेचे भाडे, शिक्षकाचे मानधन, वीजबिल वजा केल्यावर जाहिरातीसाठी किती सोडता येतील, हे ज्याचे त्याने ठरवायचे. आपण उदाहरणासाठी ९०० रुपये धरू. ही मर्यादा ठरवल्याशिवाय क्लिक स्वस्त पडला की महाग, हे सांगताच येत नाही. पंचकर्म केंद्रात एका उपचारक्रमाचे शुल्क कित्येक हजारांत असते, त्यामुळे तिथे ४० रुपयांचा क्लिकही परवडू शकतो. महिना ५०० रुपये घेणाऱ्या तालमीला तो परवडणार नाही.

खर्चात जीएसटी धरायला विसरू नये. जाहिरातीच्या रकमेवर १८ टक्के कर लागतो, म्हणजे तक्त्यात ३,००० रुपये खर्च दिसत असेल तर खिशातून ३,५४० गेलेले असतात. व्यवसायाची जीएसटी नोंदणी असेल तर तो क्रमांक जाहिरात खात्यात भरावा आणि कराच्या वजावटीबाबत आपल्या कर सल्लागाराला विचारावे. नोंदणी नसेल तर हा कर सरळ खर्चातच धरावा.

दुसरी पायरी: खाते नीट जोडा आणि ‘बूस्ट’चा मोह टाळा

फेसबुक पेज, इन्स्टाग्रामचे व्यावसायिक खाते आणि व्हॉट्सॲप बिझनेसचा क्रमांक ही तिन्ही एकमेकांशी जोडून घ्यावीत. हे काम एकदाच करावे लागते. व्हॉट्सॲपच्या क्रमांकावर पत्ता, वर्गाच्या वेळा आणि नकाशातील ठिकाण आधीच भरून ठेवावे.

पोस्टखाली दिसणारे ‘बूस्ट’चे (पैसे भरून तीच पोस्ट जास्त लोकांना दाखवण्याचे) बटण सोपे असते, आणि पहिल्या आठवड्यात बहुतेक जण तेच दाबतात. त्यात गैर काही नाही. पण ॲड्स मॅनेजरमध्ये, म्हणजे जाहिराती तयार करून त्यांचा खर्च पाहण्याच्या मेटाच्या साधनात, उद्दिष्ट, जागा, वेळापत्रक आणि तुलना या गोष्टींवर जितका ताबा मिळतो तितका तिथे मिळत नाही. खर्चाचा अर्थ लावायचा असेल तर ॲड्स मॅनेजरच शिकून घ्यावे. त्यासाठी संगणक असेल तर उत्तम. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर तक्त्याचे स्तंभ डोळ्यांआड राहतात.

तिसरी पायरी: उद्दिष्ट निवडा

मोहीम सुरू करताना ॲड्स मॅनेजर सहा उद्दिष्टे पुढे ठेवतो: जागरूकता, ट्रॅफिक, एंगेजमेंट (लाइक, प्रतिक्रिया, संवाद), लीड (चौकशी करणाऱ्याची माहिती मिळवणे), ॲपचा प्रचार आणि विक्री. आपण जे उद्दिष्ट निवडू, ती कृती करणारी माणसे मेटा शोधून काढते. ट्रॅफिक निवडले की क्लिक करण्याची सवय असलेली माणसे सापडतात आणि क्लिक स्वस्त मिळतात. पण क्लिक करणारा प्रत्येक जण सकाळी सहाला चटई घेऊन येत नाही.

स्थानिक योगवर्गाला किंवा जिमला माझ्या मते व्हॉट्सॲपवर संवाद सुरू करणारी जाहिरात सर्वांत सोयीची. आपल्याकडे माणूस अर्ज भरत बसत नाही. तो ‘फी किती?’ एवढे दोन शब्द पाठवतो. ते दोन शब्द हीच चौकशी समजावी. इथे क्लिकऐवजी सुरू झालेल्या संवादाचा खर्च मोजावा. पंचकर्म किंवा आहारसल्ल्यासारख्या सेवेत आधी थोडी माहिती घ्यावी लागते, म्हणून तिथे लीड उद्दिष्ट आणि मेटाचाच फॉर्म उपयोगी पडतो. फॉर्ममध्ये ‘अधिक संख्या’ आणि ‘अधिक गंभीर चौकशी’ असे दोन मुख्य प्रकार असतात. दुसऱ्या प्रकारात भरलेली माहिती तपासून पाहण्याचा एक टप्पा वाढतो. त्यामुळे संख्या घटते, पण फोन केल्यावर ‘मी कुठं फॉर्म भरला?’ असे विचारणारेही घटतात.

स्वतःचे संकेतस्थळ असेल तर ‘लिंक क्लिक’ऐवजी ‘लँडिंग पेज व्ह्यू’ हे लक्ष्य निवडावे. पान उघडण्याआधीच मागे फिरणारे क्लिक त्यात धरले जात नाहीत. त्यासाठी संकेतस्थळावर पिक्सेल, म्हणजे कोण आले आणि काय केले ते मेटाला कळवणारा छोटा कोड, बसवावा लागतो. मात्र जानेवारी २०२५ पासून मेटाने आरोग्य आणि वेलनेस गटात मोडणाऱ्या संकेतस्थळांकडून खरेदीसारख्या पुढच्या टप्प्यांची माहिती घेण्यावर निर्बंध आणले आहेत. त्यामुळे आपले संकेतस्थळ या गटात टाकले गेले, तर विक्रीच्या उद्दिष्टावर मोहीम चालवणे अवघड होऊ शकते. नवख्याने सुरुवातीला या वाटेला न गेलेलेच बरे.

चौथी पायरी: परिसर आखा

कोल्हापूर शहर निवडून त्याभोवती ४० किलोमीटरचे वर्तुळ टाकले की कागल, पन्हाळा, इचलकरंजी सगळे त्यात येते. पाहणाऱ्यांची संख्या फुगते, क्लिकही स्वस्त पडतात, पण इचलकरंजीहून रोज पहाटे राजारामपुरीत योगासाठी कोण येणार? रोजच्या वर्गासाठी नकाशावर आपल्या जागेची खूण करून चार-पाच किलोमीटरचे वर्तुळ पुरेसे असते. सात दिवसांच्या पंचकर्मासाठी किंवा सुट्टीतल्या निवासी शिबिरासाठी मात्र सांगली आणि निपाणीपर्यंत जायला हरकत नाही. वर्तुळ फारच लहान केले की तीच माणसे तीच जाहिरात पुन्हा पुन्हा पाहतात आणि दाखवण्याचा खर्च वाढतो. म्हणून ‘फ्रिक्वेन्सी’ (एका माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली) या स्तंभावर नजर ठेवावी. तो आकडा आठवड्यात तीन-चारच्या पुढे जाऊ लागला, की वर्तुळ थोडे मोठे करावे किंवा चित्र बदलावे.

कोल्हापूरपुरती आणखी एक सूचना. मेटाच्या परिसर-निवडीत तिथे राहणारे आणि नुकतेच तिथे येऊन गेलेले, दोन्ही धरले जातात. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला राज्यभरातून माणसे येतात, आणि मंदिराच्या आसपासचा परिसर निवडलेला असेल तर आपला पैसा अशा भाविकांवरही खर्च होतो जे दुसऱ्या दिवशी आपापल्या गावी निघून गेलेले असतात. स्पा किंवा अभ्यंगाची एकवेळची सेवा देणाऱ्याला ही संधी आहे. महिन्याचा वर्ग चालवणाऱ्याने त्या दिवसांत बजेट कमी ठेवावे, किंवा निदान जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत परिसराचे नाव आणि ‘मासिक वर्ग’ हे शब्द घालावेत.

वय आणि भाषा यांपलीकडे आवडीनिवडींची फार कोरीव निवड करत बसू नये. रोगांशी संबंधित बरेच पर्याय मेटाने १९ जानेवारी २०२२ पासून काढून टाकले आहेत, आणि जे उरले आहेत त्यांच्या जोरावर इतक्या लहान शहरात फारसा फरक पडत नाही. माणसांची निवड जाहिरातीच्या मजकुरालाच करू द्यावी.

पाचवी पायरी: मजकूर आणि चित्र

क्लिकचा खर्च सर्वांत जास्त इथेच कमी-जास्त होतो, आणि वेलनेसच्या धंद्यात सर्वांत जास्त घसरडी जागाही हीच आहे. कारण ज्या गोष्टींनी क्लिक झटपट मिळतात, त्यांपैकी बऱ्याच गोष्टींना मनाई आहे.

एक मजकूर पाहू: ‘तुमचे वजन वाढले आहे का? ३० दिवसांत १० किलो कमी करा, खात्रीशीर!’ यात तीन दोष आहेत. वाचणाऱ्याच्या शरीराबद्दल किंवा आजाराबद्दल आपल्याला माहिती आहे असे सुचवणारा मजकूर मेटाच्या धोरणात बसत नाही. ‘तुम्हाला मधुमेह आहे का?’ हा प्रश्नही त्याच कारणाने अडतो. दुसरे, ठरावीक दिवसांत ठरावीक किलोंचे आश्वासन हा पुरावा नसलेला दावा आहे. तिसरे, अशा मजकुराला जोडून येणारी ‘आधी’ आणि ‘नंतर’ची शेजारी शेजारी छायाचित्रे वजन घटवण्याच्या जाहिरातीत नाकारली जातात. वजन घटवण्याच्या उत्पादनांची आणि सेवांची जाहिरात अठरा वर्षांखालील मुलांना दाखवू नये, हेही लक्षात ठेवावे. जाहिरात नाकारली गेली तर फेरतपासणीची विनंती करता येते, पण वारंवार नाकारल्या जाणाऱ्या खात्यावर बंधने येतात.

मेटाच्या नियमांखेरीज देशाचा कायदा आहेच. औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ सालचा आहे. त्याच्या अनुसूचीत मधुमेह, लठ्ठपणा, रक्तदाब, हृदयविकार अशा आजारांची आणि अवस्थांची यादी असून, औषधाने हे बरे होतात अशी जाहिरात करण्यास मनाई आहे. आयुर्वेदिक काढे, चूर्णे किंवा औषधी तेले विकणाऱ्या केंद्रांनी ही यादी छापून भिंतीवर लावावी, इतकी ती कामाची आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. ‘अमुक केंद्र असे लिहिते, त्यांना कुणी काही बोलत नाही’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

आता दुसरा मजकूर: ‘राजारामपुरीत महिलांसाठी योगवर्ग, सकाळी ६ ते ७. जमिनीवर बसता येत नसेल तर खुर्चीवर करता येणारी आसने. पहिले तीन दिवस शुल्क नाही, पुढे महिना १,२०० रुपये.’ यात कुणाच्या शरीरावर बोट ठेवलेले नाही, रोगाचे नाव नाही, आणि तरीही ज्या बाईला गुडघ्यांमुळे योग जमणार नाही असे वाटत होते तिला हे आपल्यासाठीच आहे हे लगेच कळते. शुल्क लिहिल्याने क्लिक कमी होतात, हे खरे आहे. पण जे कमी होतात ते बहुतेक शुल्क ऐकून गप्प बसणारेच असतात, म्हणून मी शुल्क लिहिण्याच्या बाजूचा आहे. पंचकर्मासारख्या सेवेत तपासणीशिवाय रक्कम सांगता येत नाही. तिथे तपासणीचे शुल्क लिहावे.

चित्रासाठी विकतच्या छायाचित्रांच्या मागे लागू नये. समुद्रकिनारी बसलेली परदेशी तरुणी पाहून कोल्हापूरकराला तो वर्ग आपल्या गल्लीतला वाटत नाही. आपलाच हॉल, आपलीच शिक्षिका, किंवा सकाळी रंकाळ्यावर घेतलेला एखादा सराव मोबाइलवर उभा चित्रित करावा. पहिल्या तीन सेकंदांत परिसराचे नाव पडद्यावर यावे आणि मराठी अक्षरे ठळक असावीत, कारण बरेच जण आवाज बंद ठेवून पाहतात. चित्रणात दिसणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी.

‘नाद खुळा’ छापाच्या विनोदी रीलबद्दलही इथेच सांगायला हवे. कोल्हापुरी बोलीतली गंमत खूप पाहिली जाते, पुढे पाठवली जाते आणि क्लिकचा भाव अगदी खाली आणते. मात्र हसून क्लिक करणारा माणूस वर्गाला येण्याच्या विचाराने आलेला नसतो. अशी रील पैसे न घालता पेजवर जरूर टाकावी. पैसे घातलेली जाहिरात मात्र वेळ, जागा आणि शुल्क सांगणारीच असावी.

सहावी पायरी: सुरू करा आणि काही दिवस हात लावू नका

नवी जाहिरात सुरुवातीला ‘लर्निंग’ अवस्थेत असते. एका ॲड सेटला (मोहिमेतला एकच परिसर आणि बजेट असलेला जाहिरातींचा गट) आठवड्यात सुमारे ५० अपेक्षित कृती मिळाल्या की मेटाची यंत्रणा स्थिरावते. तोवर भाव वरखाली होत राहतो. रोज ३०० रुपये आणि एका संवादाला ६० रुपये असा हिशेब धरला तर आठवड्याला ३५ संवाद होतात. म्हणजे एका ॲड सेटलाच हे बजेट अपुरे आहे. तेच चार ॲड सेटमध्ये वाटले तर कोणताच धड शिकणार नाही. म्हणून लहान बजेटला एक मोहीम, एक ॲड सेट आणि त्यात दोन किंवा तीन वेगळ्या जाहिराती एवढेच ठेवावे. मजकूर, परिसर किंवा बजेट यांत मोठा बदल केला की शिकणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, त्यामुळे पहिला आठवडा कळ काढावी.

जाहिरात कुठे दिसावी त्या जागांच्या यादीत ‘ऑडियन्स नेटवर्क’ (मेटाबाहेरच्या ॲपमध्ये जाहिरात दाखवण्याचा) हा पर्याय चालू असेल आणि ट्रॅफिकची मोहीम असेल, तर तो बंद करून पाहावा. खेळांच्या ॲपमध्ये दिसणाऱ्या जाहिरातीवर चुकून अंगठा लागूनही क्लिक नोंदला जातो, आणि असे स्वस्त क्लिक तक्त्याला देखणे करतात.

ठरावीक तासांतच जाहिरात चालवायची असेल तर रोजच्या बजेटऐवजी संपूर्ण कालावधीचे बजेट निवडावे लागते. रात्री जेवणे उरकल्यावर चौकशा वाढतात, पण पहाटेचा वर्ग घेणारी शिक्षिका तेव्हा झोपलेली असते. उत्तर द्यायला माणूस नसेल त्या तासांत व्हॉट्सॲपची जाहिरात चालवू नये, किंवा निदान शुल्क, वेळ आणि पत्ता सांगणारे आपोआप जाणारे उत्तर लावून ठेवावे.

सातवी पायरी: तक्ता आणि वही शेजारी ठेवून वाचा

ॲड्स मॅनेजरच्या तक्त्यात ‘सीपीसी (सर्व)’ आणि ‘सीपीसी (लिंक क्लिक)’ असे दोन वेगळे स्तंभ असतात. पहिल्यात लाइक, ‘आणखी पाहा’वरची टिचकी, पेजच्या नावावरची टिचकी असे सगळे मोजले जाते, त्यामुळे तो नेहमीच स्वस्त दिसतो. एजन्सीकडून काम करून घेत असाल तर अहवालातला आकडा यांपैकी कोणता, हे पहिल्या भेटीतच विचारावे.

त्याच्या शेजारी स्वतःची वही हवी. तारीख, नाव, कुठून कळले, विनाशुल्क दिवसांत आले का, शुल्क भरले का, एवढे पाच रकाने पुरतात. आता दोन जाहिरातींची तुलना करू. खर्च दोन्हींचा करासह ३,५४० रुपये धरला आहे. पहिलीत १० रुपयांचा क्लिक, ३०० क्लिक, ४० संवाद, १२ जण पाहायला आले, चौघांनी शुल्क भरले. एक प्रवेश ८८५ रुपयांना पडला. दुसरीत ५ रुपयांचा क्लिक, ६०० क्लिक, ४५ संवाद, ८ जण आले, दोघांनी शुल्क भरले. एक प्रवेश १,७७० रुपयांना. तक्ता दुसरीला शाबासकी देईल. वहीत मात्र पहिली आपल्या ९०० रुपयांच्या मर्यादेत बसते आणि दुसरी तिच्या जवळपास दुप्पट जाते.

संवाद भरपूर आणि येणारे मोजके असतील तर दोष जाहिरातीचा नसून उत्तरे उशिरा किंवा तुटक जात असावीत. येणारे भरपूर पण शुल्क भरणारे नाहीत, तर वर्गाची वेळ, जागा किंवा गाडी लावायची सोय तपासावी. त्यावर मेटाकडे काही उपाय नाही.

आठवी पायरी: वाढवणे आणि थांबवणे

प्रवेशाचा खर्च मर्यादेत आहे असे दोन-तीन आठवडे दिसले तर बजेट टप्प्याटप्प्याने वाढवावे. एकदम दुप्पट केल्यास यंत्रणा पुन्हा शिकण्याच्या अवस्थेत जाते आणि त्याच लहान परिसरात अधिक महागडी माणसे शोधावी लागतात. ऋतूचाही विचार करावा. आयुर्वेदात वसंतात वमन, वर्षा ऋतूत बस्ती आणि शरदात विरेचन सांगितले आहे, त्यामुळे पंचकर्म केंद्राला पावसाळ्याच्या सुरुवातीला, दिवाळीच्या विक्रेत्यांची गर्दी होण्याआधी, जाहिरात करण्याचे स्वाभाविक निमित्त मिळते. २१ जूनच्या योगदिनाच्या आठवड्यात मात्र प्रत्येक योगवर्ग लिलावात उतरतो. त्याच्या दहा-बारा दिवस आधी सुरुवात केलेली बरी.

हॉलमध्ये वीस चटया मावत असतील आणि अठरा जागा भरल्या असतील, तर त्याच दिवशी मोहीम थांबवावी. उरलेल्या दोन जागा व्हॉट्सॲपवर आधी चौकशी करून गेलेल्यांना एक निरोप पाठवला तरी भरतात.